वाया जाणारी वाफ

हेतागिल,
१४ ऑक्टोबर

चि. स्वाला,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं की पोचल्याचं कळव. मागच्या हिवाळ्यात पोस्टाची गाडी माझ्या पत्रासकट बर्फात रुतली होती, तेव्हा हे पोचलं नाही तरी कळव.

फोन कर म्हणशील. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानं भरतो. लिहिलेलं बरं. माझी शाळा तेराव्या वर्षी सुटली, तेव्हा अक्षर समजून घे.

आता मुद्द्याचं. पाव कच्चा निघाला.

हसू नकोस. घरामागच्या उतारावर, जमिनीतूनच वाफ निघते तिथं, तुझ्या मामीनं स्वतःच्या हातानं खणलेला खड्डा आहे. हेर्दिस गेली तेव्हापासून मी त्यात पाव भाजतो. पीठ, ताक आणि काकवीसारखा पाक, सगळं डब्यात कोंबायचं, डबा गरम मातीत पुरायचा, वर फळी, फळीवर दगड. दुसऱ्या दिवशी उकरायचा की झालं. चूल नाही, लाकूड नाही. इतकी वर्षं एकदासुद्धा दगा दिला नाही त्या मातीनं. आणि आता सप्टेंबरपासून डबा उघडला की वरून काळा पाव आणि मधे चिखल.

आधी मी पिठाला दोष दिला. मग ताकाला. मग डबा बदलला. मग वाटलं, माझाच हात गेला, म्हातारपण आलं. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी डोक्यात उजेड पडला. दरीच्या वरच्या अंगाला त्या नव्या कारखान्याची बोअर मारायची यंत्रं उन्हाळ्यापासून धडधडताहेत! म्हणे जमिनीतल्या वाफेवर चालणाऱ्या आपल्या वीजकेंद्रातून निघणारा कार्बन वायू पकडणार, पाण्यातून हायड्रोजन काढणार, दोन्हींची गाठ घालून जहाजांसाठी इंधन करणार. आमचा ओद्दुर (शाळेची बस चालवायचा तो, आता निवृत्त आहे) म्हणतो, "आज धुरातून तेल काढताहेत, उद्या उचकीतून दारू काढतील." त्यांनी काय हवं ते काढावं. पण माझ्या खड्ड्यातली ऊब का काढली?

हे पावावरच थांबत नाही गं. लोआ पुन्हा मागे लागलीय. "बाबा, आकुरेरीला ये, माझ्या घराखालची खोली रिकामी आहे, लिफ्ट आहे, डॉक्टर हाकेच्या अंतरावर." मी म्हटलं, जोवर हेर्दिसच्या खड्ड्यात मला पाव जमतोय तोवर मी इथून हलणार नाही. तर तुझी बहीण काय म्हणाली? "आणि जमेनासा झाला की?" मी रागात बोलून गेलो, "त्या दिवशी सामान बांधेन." तिनं ते पक्कं धरून ठेवलंय.

कच्च्या पावाचं तिला कळू द्यायचं नाहीये. कच्चे पाव मी मेंढ्यांना घालतो. आता त्या मला बघितलं की धावत येतात आणि लोआला वाटतं, बाबांचा मेंढ्यांवर जीव जडला.

ओद्दुरकडून कळलं की या कारखान्याचं बरंवाईट तपासायचं काम तुझ्याच संस्थेकडे आहे. तू माझ्या बहिणीची मुलगी. तुझ्या अहवालात एवढं एकच घाल: कारखान्यामुळे कोल्बेनचा खड्डा थंड पडला. बाकी तुला हवं ते लिही.

तुझा मामा,
कोल्बेन


ट्रॉनहाइम,
२८ ऑक्टोबर

प्रिय मामा,

पत्र पोचलं. न पोचतं तरी कळवलं असतं.

लोआला मी काही सांगणार नाही. पण मेंढ्या फार जाड झाल्या तर तिला संशय येईल, एवढं बघ.

आता माझ्या कामाबद्दल. तुझा समज झालाय की मी शिक्के मारत बसते. तसं नाही. आणि मी कारखान्याची माणूसही नाही. पालिकेनं आमच्या संस्थेला काम दिलंय. कारखाना म्हणतो, आमचं इंधन स्वच्छ. आम्ही विचारतो, कुठून कुठपर्यंत स्वच्छ? बोअरचं पोलाद कुणीतरी कुठंतरी वितळवलंय. सिमेंट भाजताना धूर झालाय. पाणी फोडून हायड्रोजन काढायला ढीगभर वीज लागते. इंधन ट्रकनं हुसाविकच्या बंदरात जाणार, तो ट्रक काय जाळतो? आणि शेवटी जहाजात ते इंधन जळलं की पकडलेला वायू पुन्हा हवेत जातोच. तो कायमचा तुरुंगात नाही राहत मामा, जामिनावर सुटतो. मग या सगळ्यातून जहाजाला एक मैल पुढं ढकलायला डिझेलपेक्षा किती कमी नासधूस झाली, एवढं मी काढते.

यात सगळ्यात अवघड काय असतं माहितीये? कुंपण घालणं. काय मोजायचं आणि काय सोडायचं. सगळी भांडणं त्या कुंपणावरून होतात. माझी वरिष्ठ इंगेबोर्ग तर सकाळी आल्या आल्या विचारते, "आज काय कुंपणाबाहेर ढकललंस?"

तर तुझा खड्डा मी कुंपणाच्या आत घ्यायला तयार आहे. पण तू म्हणतोस म्हणून नाही. त्यांच्या बोअर तुझ्यापासून बऱ्याच लांब आणि बऱ्याच खोल आहेत, तुझा खड्डा हातभर. संबंध असू शकतो, नसूही शकतो. मला खड्ड्याचं तापमान कळव. आणि खड्ड्याच्या आसपास गेल्या वर्षात जे काही बदललं असेल ते सगळं लिही. तुला फालतू वाटेल तेही.

गुडघ्याला काय म्हणाला डॉक्टर? की गेलाच नाहीस?

तुझी स्वाला


हेतागिल,
९ नोव्हेंबर

चि. स्वाला,

गुडघा ठीक आहे. डॉक्टरकडे गेलो असतो तर तो बिघडला असता.

दिरलेवकडून मांस भाजताना खुपसतात तो तापमापक आणला. (दिरलेव म्हणजे रस्त्यापलीकडची विधवा. नवऱ्याचं नाव काढलं की अजूनही डोळे पुसते आणि लगेच वड्या करायला घेते.) खड्ड्याच्या तळाशी काटा सत्तरावर थांबला. हेर्दिसच्या वेळी तिथं पाणी उकळायचं! मी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मोजलं. संध्याकाळी तर आणखी खाली जातं. म्हणजे कारखानेवाले संध्याकाळी जास्त ओढतात. चोरांची वेळच ती.

आसपास काय बदललं विचारतेस. काहीच बदललं नाही. मी आहे, डोंगर आहे, ओद्दुर आहे.

खरं सांगायचं तर यंदाचा हिवाळा बरा चाललाय. हेर्दिस गेल्यावर चार वर्षं संध्याकाळी या घरात घड्याळाशिवाय कुणाचा आवाज नसायचा. ऑगस्टमध्ये ओद्दुरनं बंदरावरून माशांची एक जुनी टाकी आणली, बर्फात मासे ठेवतात ती निळी, दोन गाई बसतील एवढी. घासून घासून वास काढला. आता घरामागे मांडलीय आणि रोज संध्याकाळी गरम पाण्यात आम्ही चौघं-पाचजण गळ्यापर्यंत बुडून बसतो. दिरलेव कणकेला पीळ देऊन तळलेल्या गोड वड्या आणते, डोक्यावर लोकरीची टोपी, बाकी पाण्यात. निम्म्या गावाचं राजकारण आता माझ्या टाकीत ठरतं.

कारखान्याविरुद्ध हरकतीचा अर्जही तिथंच लिहिला. म्हणजे मी बोललो, दिरलेवनं लिहिला, कागद ओला झाला म्हणून पुन्हा लिहिला. "कारखान्याच्या बोअरमुळे गावची जमीन थंड पडत आहे, सबब परवानगी देऊ नये." सगळ्यांनी सह्या केल्या. ओद्दुर म्हणाला, "कोल्बेन, तू राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहा, तुझ्या टाकीतली मतं पक्की आहेत." जानेवारीच्या शेवटी पालिकेची जाहीर सुनावणी आहे. अर्ज मी स्वतः वाचणार आहे. 

कारखान्यानं घरोघर एक गुळगुळीत कागद वाटलाय. त्यावर एक हसरी मुलगी आणि वाक्य: 'निसर्गाकडून घेतलं, निसर्गाला परत दिलं. आम्ही काहीच घेत नाही.' वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काहीच घेत नाहीत म्हणे! मग माझी ऊब काय कोल्ह्यानं पळवली?

लोआ पुढच्या महिन्यात येते म्हणतेय. दुकानातून विकतचा पाव आणून डब्यात घालून ठेवावा की काय, असा विचार करतोय. हे वाचून फाडून टाक.

तुझा मामा,
कोल्बेन


ट्रॉनहाइम,
२४ नोव्हेंबर

प्रिय मामा,

टाकीतलं पाणी कशानं तापतं?

स्वाला


हेतागिल,
६ डिसेंबर

चि. स्वाला,

एवढा पोस्टाचा खर्च करून एक ओळ? तुझी आई अशी नव्हती. ती कोंबडी आजारी पडली तरी चार पानं लिहायची.

शिवाय विचारायची काय पद्धत ही? मी काय वीज चोरतोय का? विजेची तारसुद्धा तिकडे नाही. नीट वाच, म्हणजे तुझी खात्री पटेल.

मागच्या ओढ्याला काळा प्लास्टिकचा पाइप लावलाय. ओढ्याचं पाणी बर्फासारखं गार. तो पाइप उतारावरच्या गरम मातीतून नेलाय. नुसता सरळ नेला तर पाणी कोमट येतं, म्हणून ओद्दुरनं त्याची वेटोळी करून पुरली, शेवयांसारखी. तिथून पाणी छान वाफाळतं टाकीत येतं. आम्ही बसलो की तोटी पूर्ण उघडायची. टाकी भरली की वरचं पाणी पन्हाळीतून परत ओढ्यात.

आता सांग, मी घेतलं काय? पाणी ओढ्यातलं, गेलं ओढ्यात. थेंबभर कमी नाही. ती माती तर गरमच असते, मी पाइप पुरला काय, न पुरला काय. वाया जाणारी ऊब. कुणाच्या बापाचं काय गेलं?

वेटोळी कुठं पुरली असंही विचारशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. जिथं माती सगळ्यात जास्त गरम आहे तिथं, अर्थात. खड्ड्याच्या अलीकडे-पलीकडे. तिथं खणायला मऊही पडतं.

तू त्या कारखान्याचं बघ. माझ्या टाकीत डोकं घालू नकोस.

लोआ येऊन गेली. विकतच्या पावाचे तिनं तीन तुकडे खाल्ले आणि म्हणाली, "आईची चव आहे." मी मान हलवली.

तुझा मामा,
कोल्बेन


ट्रॉनहाइम,
१८ डिसेंबर

प्रिय मामा,

नाताळच्या शुभेच्छा. आधी एखादी वडी तोंडात टाक, मग वाच.

तुझं पत्र मी इंगेबोर्गला वाचून दाखवलं. रागावू नकोस, नाव सांगितलं नाही, 'हेतागिलचा एक प्रकल्प' म्हटलं.  'पाणी ओढ्यातलं, गेलं ओढ्यात' इथं आल्यावर तिनं कारखान्याचा तो गुळगुळीत कागद माझ्यासमोर सरकवला. मामा, वाक्य तेच आहे. फक्त तुझ्याकडे हसरी मुलगी नाही.

पाणी परत जातं, पण जाताना गरम होऊन जातं. ती ऊब कुठून आली? खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना तू गार पाण्याचे साप पुरलेस, ते रात्रंदिवस मातीची ऊब पितात, आणि संध्याकाळी तोटी पूर्ण उघडली की आणखी पितात. म्हणून तुझा काटा संध्याकाळी खाली जातो. चोरांची वेळ तू बरोबर ओळखलीस. चोर टाकीत बसून वड्या खात होता.

आता माझी गंमत ऐक. इंगेबोर्ग हसली नाही. तिनं विचारलं, "आणि तुझ्या गणितात कारखान्याला लागणारी वाफ कुठं आहे?" कच्चं इंधन शुद्ध करायला ते उकळावं लागतं, त्याला खूप वाफ लागते. मी त्या वाफेपुढं शून्य लिहिलं होतं. कारखान्यानं सांगितलं, 'वीजकेंद्राची वाया जाणारी वाफ आहे', आणि मी मान डोलावली. कारण मीही तिथलीच ना! आपल्याकडे खोली फार तापली तर आपण हीटर बंद करत नाही, खिडकी उघडतो. मी इथं आल्यावर पहिल्या महिन्यात तेच केलं. घरमालकानं बिल घेऊन दार ठोठावलं तेव्हा मला कळलं की जगात उबेलाही किंमत असते. तरी अहवालात तीच चूक! पोलाद मोजलं, सिमेंट मोजलं, ट्रकची चाकं मोजली, आणि ऊब? ती तर असतेच.

शोध घेतला तर कळलं, ती वाफ मुळीच वाया जात नाही. दरीच्या खालचा मासे वाळवण्याचा कारखाना दोन वर्षं त्याच वाफेची वाट बघतोय, आणि मिळेपर्यंत तेल जाळतोय. ती वाफ इंधनाला दिली की ते तेल जळतच राहणार. आधी माझं उत्तर होतं, डिझेलच्या मानानं शंभरातलं नव्वद नुकसान वाचतं. आता साठाच्या आसपास आलंय. साठही कमी नाही मामा, चांगलंच आहे ते इंधन. पण नव्वद नाही, आणि कागदावर छापल्यासारखं शंभर तर नाहीच. कारखान्याकडून माझ्याशी बोलणारा बेनोनी फोनवर इतका ओरडला की तुलासुद्धा सगळं ऐकू आलं असतं.

मी माझा आकडा बदलला. तू आठवडाभर तोटी बंद ठेव आणि मग पाव लाव. अर्जाचं काय करायचं ते तुझं तू ठरव.

तुझी स्वाला


हेतागिल,
११ जानेवारी

चि. स्वाला,

तुझं पत्र नाताळच्या आधीच आलं होतं. उत्तर दिलं नाही. राग आला होता.

माझा बोटाएवढा पाइप आणि त्यांचा एवढा मोठा कारखाना एका पंक्तीला बसवलास! आणि कुणासमोर, तर त्या नॉर्वेच्या बाईसमोर. तोटी मी बंद केली नाही. सणाचे दिवस, घर भरलेलं, ओद्दुरचे जावई आलेले, टाकीत उभं राहायला जागा नाही, अशा वेळी मी काय सांगू लोकांना? की उठा, भाचीचं पत्र आलंय?

सगळे गेल्यावर, सहा तारखेला, बंद केली. काल डबा लावला. आज उकरला.

झाला. कडेपासून मध्यापर्यंत, काळा, ओलसर, सुरीला न चिकटणारा. मी मातीतच बसलो. पहिला तुकडा लोणी लावून उभ्यानंच खाल्ला, जीभ भाजली. आणि मग असा हिरमोड झाला म्हणून सांगू. आतापर्यंत मला एक धड शत्रू तरी होता.

बाकीचं ऐक. पाव जमला म्हणजे मी इथं राहणार. पण तोटी बंद म्हणजे टाकी बंद. आणि टाकी बंद म्हणजे संध्याकाळी पुन्हा मी आणि घड्याळ. गेले पाच दिवस कुणी आलेलं नाही. दिरलेवनं काल खिडकीतून हात केला, एवढंच. कुणासाठी भाजायचा तो पाव? लोआची खोली निदान माणसांच्या आवाजाखाली आहे. वर नातवंडं धावतात.

आणि सुनावणी! सह्या मी घेतल्या, अर्ज माझ्या नावावर. मागे घेतला तर गाव हसेल. वाचला तर... तू समोर नसशील, पण तुझा आकडा समोर असेल. काय करू? दोन ओळी लिही. एक ओळ नको.

तुझा मामा,
कोल्बेन


ट्रॉनहाइम,
१९ जानेवारी

प्रिय मामा,

पावाचा एक तुकडा इथं धाडता आला असता तर? पोस्टवाल्यांना वासानंच कळलं असतं म्हणा.

काय कर ते मी सांगणार नाही. मी काय केलं ते सांगते. बेनोनीनंतर त्यांचा मोठा साहेब आला. म्हणाला, "वाफेची बाब तळटीपेत घाला, आकडा नव्वद राहू द्या." मी नाही म्हटलं. मग मला आणखी एक गोष्ट सापडली, तीही त्यांना नको असलेली. वीजकेंद्र म्हणतंय, आम्ही वायू हवेत सोडत नाही, पकडून देतो, हे पुण्य आमचं. इंधन घेणारी जहाज कंपनी म्हणतेय, आम्ही पकडलेल्या वायूचं इंधन जाळतो, पुण्य आमचं. मामा, शरद ऋतूत डोंगरावरून मेंढ्या उतरवल्यावर आपण कानावरची खूण बघून त्या वाटतो की नाही? इथं एकच मेंढी दोघांनी आपापल्या वाड्यात मोजलीय. मी लिहिलं, खूण एकाचीच. कुणाची ते आधी ठरवा.

अहवाल गेला. त्या कंपनीच्या इतर प्रकल्पांचं काम आता आम्हाला मिळणार नाही. इंगेबोर्गनं केक आणला, तीही जरा घाबरलेली दिसली.

हसण्याबद्दल: मी चुकले हे मी खोलीभर माणसांसमोर सांगितलं. हसले. मग जेवायला गेलो.

तुझी स्वाला

ता.क. लोआला खरं सांग. तू न सांगता तिला कळलं तर मात्र मी काही करू शकत नाही.


हेतागिल,
३ फेब्रुवारी

चि. स्वाला,

झालं एकदाचं. सविस्तर लिहितो, कारण ओद्दुर वेगळंच सांगत फिरतोय.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये होती. गाव लोटलं होतं. फुकट कॉफी असली की आमच्याकडे लोकशाही जोरात असते. मी लग्नातला कोट घातला. तो आता पुढून मिटत नाही. आणि दारातून कोण आत आली? लोआ. आकुरेरीहून गाडी चालवत, एवढ्या बर्फात, बापाचं भाषण ऐकायला. 

आधी तुझा अहवाल वाचला गेला. साठाचा आकडा आला तसा बेनोनी उठला. तरुण आहे, चांगल्या घरचा वाटतो, घाम फुटला होता बिचाऱ्याला. म्हणाला, "ही वाफ मोजणं अन्याय आहे. ती तर वायाच जाते." मासे वाळवणारा मागून ओरडला, "माझ्याकडे पाठव की मग!" लोक हसले.

मग माझं नाव पुकारलं. अर्ज हातात होता. मी सगळ्यांकडे बघितलं आणि म्हटलं, "या पोराला हसू नका. माझीही वायाच जात होती."

आणि सांगून टाकलं. पाइप, वेटोळी, शेवया, सगळं. कारखान्यानं माझी ऊब घेतली नाही, आपणच घेतली, रोज संध्याकाळी, वड्या खात खात. अर्ज मागे घेतो म्हटलं. पण तो कागद, 'आम्ही काहीच घेत नाही' म्हणणारा, तोही मागे घ्या म्हटलं. मी घेतलं, तुम्हीही घेता, किती घेता ते छापा, मग बांधा कारखाना. स्वाला, असा हशा मी आयुष्यात ऐकला नाही. ओद्दुर तर खुर्चीवरून घसरला. शेवया त्याच्याच होत्या ना! पण तो हशा मला वाटला होता तसा लागला नाही. बेनोनीसुद्धा हसला. पालिकेनं ठरवलं की परवानगी द्यायची, पण कागदावर तुझाच आकडा छापायचा, आणि वाफेत मासेवाल्याचा वाटा आधी.

लोआ हसली नव्हती. बाहेर गाडीपाशी उभी होती.

"म्हणजे सप्टेंबरपासून पाव कच्चा होता."

"होता."

"आणि डिसेंबरात मी खाल्ला तो?"

"दुकानातला."

"मी म्हणाले आईची चव आहे, आणि तू मान हलवलीस!"

  शब्द माझाच होता. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी सामान बांधेन. मग मीच म्हटलं, "लोआ, उद्या बांधतो. मला काही इथं फार..."

तिनं माझ्या न मिटणाऱ्या कोटाकडे बघितलं. म्हणाली, "आधी घरी चल. खरा पाव दे."

घरी आलो तर काय! अंगणात गाड्या. मी आत पाव कापायला गेलो, ती मागच्या दाराशी गेली आणि तिथूनच हाक मारली, "बाबा, इकडे ये. हे काय चाललंय?"

टाकी कोरडी ठाक. तोटी मी बंद केल्यापासून पाण्याचा थेंब नाही, तळाशी बर्फ. आणि त्या कोरड्या टाकीत जाड कोट, टोप्या, हातमोजे घालून ओद्दुर, दिरलेव आणि बाकीची मंडळी गोल करून बसलेली. आज सुनावणीवर बोलायचंच होतं, म्हणे, आणि बोलायची जागा ही. दिरलेव म्हणाली, "तीन आठवडे वाट बघितली, तू बोलावशील म्हणून. आम्हाला वाटलं, पाणी बंद केलंस म्हणजे आम्ही नको झालो. तुला वाटलं होय, आम्ही पाण्यासाठी येत होतो?"

ओद्दुर म्हणाला, "मी पाण्यासाठीच येत होतो. पण आता सवय लागली."

लोआनं तिच्या शहरी बुटांसकट टाकीच्या कडेवरून पाय टाकला आणि ओद्दुरला म्हणाली, "काका, सरका."

मी पाव आणला. दुपारीच उकरून लोकरीत गुंडाळून ठेवलेला, अजून वाफाळता. सगळ्यांच्या हातमोज्यांवर चुरा पडला. लोआनं चावून चावून खाल्ला, माझ्याकडे न बघता. मग म्हणाली, "बाबा, ती खालची खोली मी भाड्यानं देऊन टाकते."

तुझा मामा,
कोल्बेन